प्रारंभिक हात (टेक्सास होल्डेम)

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला सुरुवातीस मिळणाऱ्या दोन बंद पानांना प्रारंभिक हात असे म्हणतात. पहिली तीन सामाईक पाने (फ्लॉप) उघडण्यापूर्वी केवळ या दोन पानांच्या आधारे डावात उतरायचे की पाने टाकून द्यायची, हे ठरवावे लागते. हा निर्णय प्रत्येक डावात घ्यावा लागतो आणि खेळातील इतर निर्णयांपेक्षा तो गणिताने अधिक नेमका तपासता येतो.

खेळाची रचना

हा खेळ ५२ पानांच्या कॅटने खेळतात. पाने वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम लावावी लागते. तिला स्मॉल ब्लाइंड व बिग ब्लाइंड म्हणतात. दोन पाने हाती आल्यावर पाने टाकणे, लागलेल्या रकमेची बरोबरी करणे (कॉल) किंवा ती वाढवणे (रेझ) असे तीन पर्याय असतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तीन, एक व एक अशी पाच सामाईक पाने उघडली जातात. हातची दोन व सामाईक पाच अशा सात पानांतून पाच पानांचा सर्वोत्तम संच धरला जातो. या खेळात हुकूम नसतो. इस्पिक, बदाम, चौकट व किलवर हे चारही रंग समान दर्जाचे असतात. अपुऱ्या पानांवर अंदाज बांधण्याची ही रीत मराठी वाचकाला अगदी अपरिचित नाही. ३०४ या खेळातही पहिली चार पाने पाहूनच बोली लावावी लागते.

हातांची संख्या

५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे निवडता येतात. रंगांची अदलाबदल वगळल्यास त्यांचे १६९ गट होतात. त्यांत १३ गट जोड्यांचे, ७८ गट एकाच रंगाच्या पानांचे व ७८ गट भिन्न रंगांच्या पानांचे असतात. कोणतीही जोडी मिळण्याची शक्यता १७ डावांत एकदा, तर एक्क्यांची जोडी मिळण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते.

हातांचे मूल्य

मोठ्या जोड्या: एक्का, राजा व राणी यांच्या जोड्या सर्वांत बलवान मानल्या जातात. यदृच्छया वाटलेल्या एका हातासमोर एक्क्यांची जोडी अखेरपर्यंत खेळल्यास सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. असे नऊ प्रतिस्पर्धी अखेरपर्यंत राहिल्यास हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर येते. म्हणून मोठ्या जोडीवर सुरुवातीलाच रक्कम वाढवून प्रतिस्पर्धी कमी करणे इष्ट ठरते.

लहान जोड्या: फ्लॉपवर त्याच दर्जाचे आणखी एक तरी पान येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. त्यामुळे थोड्या खर्चात फ्लॉप पाहता येत असेल तरच या जोड्या सहसा खेळतात.

मोठी सुटी पाने: एक्का-राजा हा हात आकर्षक दिसतो, पण जोडी नसलेल्या दोन पानांपैकी एकाची तरी जोड फ्लॉपवर मिळण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांश असते. राण्यांच्या जोडीसमोर एक्का-राजा किंचित दुबळाच ठरतो.

एकाच रंगाची पाने: नवशिके यांचे मूल्य वाढवून धरतात. पाच पाने एकाच रंगाची होण्याचा योग फ्लॉपवर १०० डावांत एकदाही येत नाही. एकरंगी पानांमुळे जिंकण्याची शक्यता साधारणतः तीन ते चार टक्क्यांनीच वाढते.

भिन्न रंगांची सत्ती-दुर्री हा परंपरेने सर्वांत निकृष्ट हात समजला जातो.

जागेचे महत्त्व

एकाच हाताचे मूल्य खेळाडूच्या जागेनुसार बदलते. समजा हाती राण्यांची जोडी आहे. नंतर बोलणारे आठ खेळाडू असतील, तर त्यांपैकी कोणाकडे तरी राजांची किंवा एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे साडेसात टक्के असते. दोनच खेळाडू असतील, तर ती सुमारे दोन टक्के असते. शिवाय ‘बटन’ या जागेवरील खेळाडू फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलत असल्याने इतरांची चाल पाहून निर्णय घेऊ शकतो. म्हणून आरंभीच्या जागांवरून मोजकेच हात खेळावेत व बटनकडे जाताना निवड सैल करावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

वर्गवारी

अमेरिकन लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी प्रारंभिक हातांची आठ गटांत विभागणी केली. मेसन मालमथ यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९८८ च्या पुस्तकामुळे ही विभागणी रूढ झाली. पुढे संगणकीय गणनेमुळे जागा, खेळाडूंची संख्या व शिल्लक रक्कम यांनुसार वेगवेगळे तक्ते तयार होऊ लागले.

मर्यादा

योग्य निवडीने पारडे झुकते, पण निकाल निश्चित होत नाही. राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीला साधारण पाच डावांत एकदा हरवते. कॅसिनोत प्रत्येक डावातील रकमेतून किंवा वेळेनुसार चालकाचा वाटा कापला जातो. त्यामुळे सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज नेहमी तोट्याचीच असते, आणि इतरांपेक्षा थोडे सरस खेळणाराही पैसे गमावू शकतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

कौशल्य आणि दैव यांतील हाच भेद भारतीय कायद्यातही निर्णायक ठरला आहे. मुंबई प्रांतात लागू झालेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही प्रचलित असून केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. तीन पानांच्या फ्लशसारख्या खेळाला मात्र निव्वळ दैवाचा म्हटले. पोकरबाबत उच्च न्यायालयांची मते भिन्न आहेत: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा खेळ मानले.

महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर कॅसिनोंना परवानगी मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीतील कॅसिनोंत पोकर खेळला जातो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली आहे.