परक्या दरबारातील वकिली

पळसदरीच्या स्टेशनावर उभे राहिले की समोर बोरघाट दिसतो. १८५६ साली आगगाडी येथून खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ साली घाट चढून गेली. त्याआधी देशावरच्या दरबारांचे वकील इंग्रजांच्या भेटीला मुंबईस जात, ते बहुधा याच घाटाने उतरत. पण साताऱ्याचा एक वकील मुंबईशी थांबला नाही. तो समुद्र ओलांडून लंडनला जाऊन बसला. रंगो बापूजी गुप्ते यांची ही हकीकत आहे.

१८१९ साली कंपनीने तह करून प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याची गादी दिली. वीस वर्षांनी, १८३९ साली, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे आणि पलटणीतले शिपाई फितवल्याचे आरोप ठेवून तीच गादी काढून घेतली. महाराज काशीला गेले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी निघाले आणि १८४० साली लंडनला पोचले.

आता वकील म्हटला की त्याच्यामागे राज्य हवे. चीनचा पहिला कायमचा वकील कुओ सुंग-ताओ १८७७ च्या जानेवारीत लंडनला आला, तेव्हा चीन कितीही खचलेला असला तरी त्याच्या पाठीशी एक बादशाही होती. रंगो बापूजींच्या पाठीशी काय होते? पदच्युत राजा आणि तहाचा कागद! त्या कागदाच्या बळावर त्यांनी अर्ज लिहिले, निवेदने छापली, कंपनीच्या भागीदारांच्या सभेपुढे प्रकरण नेले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच घरात साक्षीदार मिळवणे, ही काही लहानसहान मुत्सद्देगिरी नव्हे.

पण १८४७ साली प्रतापसिंह काशीस वारले. पुढच्याच वर्षी गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, आणि दत्तक नामंजूर करून कंपनीने राज्य खालसा केले. धनी गेला, राज्य गेले. वकील मात्र हटला नाही! १८५३ पर्यंत ते लंडनमध्येच होते. अखेर हात हलवीत परतले.

मग ही सारी वर्षे फुकट गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. गादी परत मिळाली नाही हे खरे. परंतु कंपनीने आपला शब्द कसा मोडला, याची चर्चा त्यांनी तिच्याच राजधानीत घडवून आणली. ते वाद छापले गेले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

या हकीकतीचा शेवट कठोर आहे. कागदाने न्याय मिळत नाही हे पुरते उमगलेला हा माणूस १८५७ साली साताऱ्याच्या कटात सापडतो. त्या सप्टेंबरात साताऱ्यास सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीतारामही होता. स्वतः रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कधीच सरकारच्या हाती लागले नाहीत.

बंडखोर म्हणून त्यांचे नाव आपण घेतो, ते घ्यावेच. पण या माणसाने आधी तेरा वर्षे अर्ज केले होते, हेही विसरू नये. अर्ज ऐकलाच जात नसेल, तर अर्जदाराचे पुढे काय होते, हे साताऱ्याने १८५७ साली पाहिले.