तयार कपड्यांचा निर्यात उद्योग

परदेशी खरेदीदाराच्या नमुन्याप्रमाणे आणि मापाप्रमाणे कपडे शिवून बाहेर पाठवणारा उद्योग. कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत आधुनिक कारखानदारीची सुरुवात याच उद्योगाने झाली. त्याला भांडवल थोडे लागते आणि शिलाई मशीन साध्या शेडमध्येही बसते. शिवाय कापड लुळे असल्यामुळे यंत्राला हाताची जागा पुरती घेता आलेली नाही. बाही खांद्याला जोडताना कोणता थर किती ढिला सोडायचा, हे अजून बोटांनाच कळते.

कटिंग मास्टर थरावर थर अंथरून भाग कापतो आणि नंबर लावलेले बंडल लाइनवर येतात. एक बाई दिवसभर कॉलर लावते, दुसरी कफ, तिसरी काज-बटण करते. काम असे वाटलेले असल्याने नवख्या मुलीला थोड्या दिवसांत मशीनवर बसवता येते. त्याच कारणाने ऑर्डर एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेणेही सोपे जाते.

ठाणे-कल्याण परिसरातून कापड परदेशी जाण्याची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणहून जाणाऱ्या मालात कापड नोंदवले, तर तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या सुती मालाचा उल्लेख केला. तेव्हा कापड जात असे. शिवलेल्या कपड्यांचा व्यापार विसाव्या शतकात वाढला.

त्याला आकार दिला कोट्याने. १९७४ च्या बहुतंतू करारानुसार श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाकडून किती कपडे घ्यायचे याची मर्यादा ठरवली. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीने १९७८ मध्ये बांगलादेशच्या देश गारमेंट्सशी करार केला. सुमारे १३० जण बुसानला जाऊन काम शिकून आले. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी दुसऱ्या कारखान्यांत किंवा स्वतःच्या धंद्यात ते ज्ञान नेले आणि देशभर शिलाईचे कारखाने उभे राहिले. कोटा पद्धत २००४ च्या अखेरीस संपली, तरी बांगलादेशची निर्यात वाढतच गेली.

भारतात तयार कपडे दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते. त्यामुळे मोठ्या कारखान्यांऐवजी गाळे, जॉब वर्क आणि पीस रेट यांचे जाळे पसरले. धागा कटिंगसारखे काम घरी बसून करणाऱ्या बाया या जाळ्याच्या टोकाशी असतात; शर्ट परदेशात कितीलाही विकला जावो, त्यांना मिळतो तो नगाचा दर. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने हे आरक्षण उठवायला सुरुवात केली.

उद्योगाचे एका देशातून दुसऱ्या देशात होणारे स्थलांतर ठाण्यातील रेमंड या वस्त्रोद्योग समूहाच्या वाटचालीत जवळून दिसते. घोडबंदर रोडपासून जवळच, जेकेग्राममध्ये १९२५ पासून चालत आलेल्या लोकरी गिरणीचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. २०१७ मध्ये याच समूहाच्या सिल्व्हर स्पार्क कंपनीने इथिओपियातील हवासा औद्योगिक वसाहतीत कपड्यांचा कारखाना सुरू केला. अमेरिकेच्या २००० सालच्या आफ्रिकाविषयक कायद्यामुळे तिथला माल करमुक्त जात होता. इथिओपियात खासगी क्षेत्राला किमान वेतनाचा कायदा नव्हता. हवासातील शिलाई कामगारांचा मूळ पगार २०१९ च्या सुमारास महिना अवघा २६ डॉलर होता.

स्वस्त मजुरीची सर्वांत भयंकर किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार येथे मोजली गेली. भिंतींना आदल्या दिवशी तडे गेलेले असूनही कामगारांना शिलाईचे कारखाने असलेल्या राणा प्लाझा इमारतीत कामावर बोलावले गेले. इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. त्यानंतर अनेक परदेशी ब्रँडनी कामगार संघटनांशी इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार केला. दुरुस्त्या झाल्या, पण मजुरीचा प्रश्न त्या कराराच्या कक्षेबाहेर राहिला.

इथिओपियातील यादवी युद्धामुळे अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून त्या देशाची करसवलत काढून घेतली आणि हवासातील काही खरेदीदारांनी काढता पाय घेतला. इकडे जेकेग्रामच्या जमिनीवर २०१९ पासून निवासी मनोरे उभे राहत आहेत.