आचोळ्याचा तलाव आणि वलगणीची वाट

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, असा संपादक मंडळाने प्रेमाचा आग्रह केला, तेव्हा राजेरजवाडे आणि लढाया बाजूस ठेवून आमचे मन आपल्या आचोळ्याच्या तलावाकडे वळले. लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु तलावातील मरळ, शिवडा, शिंगी आणि मांगूर यांचा व त्यांना धरणाऱ्या आपल्या वाडवडिलांचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा आव आणण्याचा आमचा अधिकार नाही. जे वाचले व जे पाहिले, तेवढेच येथे सांगतो.

मासळीविषयीचा विवेक आपल्या परिसराला नवा नाही. आचोळ्याहून जवळच असलेले सोपारे हे प्राचीन बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या काळात उजेडात आला, आणि नवव्याचा तुकडा 1956 साली भुईगावात सापडला. याच अशोकाने उत्तरेकडील आपल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा व इतर ठराविक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी आज्ञा कोरून ठेविली आहे. पुढे कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा या राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच असून माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे खाद्य, गळ, दोरी व काठी यांचे वर्णन केलेले आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर विस्ताराने लिहिले. तात्पर्य, बांबूच्या काठीला दोरी व भेंडाचा तुकडा बांधून काठावर बसणारा आपला आजा काही हलके काम करीत नव्हता. त्या विद्येला राजाच्या ग्रंथात स्थान होते.

परंतु आपल्या लोकांची खरी विद्या गळाहूनही वलगणीत दिसे. तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द ऐकला नसेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की पूर्वेकडील तुंगारेश्वराच्या डोंगरांकडून आलेले पाणी शेतांतून व ओढ्यांतून पश्चिमेच्या खाजणांकडे धावू लागे. त्या गढूळ नव्या पाण्याच्या वासाने तलावांतील व डबक्यांतील मासे प्रवाहाच्या उलट चढत, उथळ पाण्यात जाऊन अंडी घालीत. या चढण्यालाच वलगण म्हणतात. त्या रात्री घराघरांतून माणसे कंदील, पाग व कामट्यांचे सापळे घेऊन बांधावर उभी राहत. आगरी माणूस भात, मीठ आणि मासळी या तिहींवर जगलेला. वलगण हा त्याचा सणच होता. मात्र आमच्या घरची शिस्त अशी, की ओढ्याच्या संपूर्ण रुंदीत सापळा लावावयाचा नाही, एका बाजूने वाट मोकळी ठेवावयाची. पुढे श्रावण लागला, की घरात मासळी शिजत नसे. धर्माच्या नावाने पाळलेल्या त्या महिन्यात तलावातील पिले वाढीस लागत.

ही शिस्त आम्हांस कशी समजली, ते सांगताना आजही संकोच वाटतो. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो. आषाढात तलावाच्या काठाशी शेंदरी पिलांचा एक घोळका पाण्यावर उकळी आल्यासारखा वरखाली होताना दिसला. त्याखाली मरळ राखणीस होती. मरळीची जात पिलांची राखण करते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही गळाला बेडकी लावून घोळक्यातच सोडली, आणि मरळीने ती तत्क्षणी धरली. तीन-साडेतीन शेरांचा मासा घेऊन आम्ही फुशारकीने घरी आलो. आजोबांनी मासा कोठे मिळाला, एवढेच विचारले, आणि आम्हांस पुन्हा तलावावर नेले. घोळका विखुरला होता व इतर मासे त्या पिलांवर तुटून पडत होते. आजोबा एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी ताटातील मासळीला हात लावला नाही. पुढे छत्तीस वर्षे आम्ही मुलांना शिकविले, परंतु त्या मौनाएवढा परिणामकारक पाठ आम्हांस कधी देता आला नाही.

त्यानंतर काळ बदलला. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे साचलेल्या पाण्यात सहसा न विणाऱ्या कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पुढे तलावांत सोडता येऊ लागले. हा मोठाच उपकार होय. परंतु त्यामागोमाग आफ्रिकेतील मोठा मांगूरही आला. लोक त्यास थायी मांगूर म्हणतात. घाणीत जगणारा व इतर मासे फस्त करणारा म्हणून केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनास बंदी केली, आणि 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले. आपल्या देशी मांगुराचा तो केवळ नावाचा भाऊ आहे.

त्याहून मोठा बदल वाटेचा झाला. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, त्याच्या पुष्कळ आधीपासून आचोळ्याची शेते वस्तीखाली जाऊ लागली होती. तलाव राहिला, पण वलगणीची वाट राहिली नाही. वाट गेल्याने काय होते, याचे एक परदेशी उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात सँटी व कूपर नद्यांच्या प्रकल्पासाठी 1941 साली पाणी अडविण्यात आले. तेथील पट्टेरी बास हा मासा समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. त्यांपैकी काही धरणाच्या तळ्यांत कोंडले गेले. तरीही त्यांचा वंश वाढला, कारण तळ्यांच्या वरच्या अंगाच्या नद्या त्यांना मोकळ्या होत्या. आज तेथे पट्टेरी बास व मोठे मिशाळ मासे गळाने धरण्यासाठी दुरून लोक येतात. समुद्र बंद झाला तरी मासा जगला, कारण वरची वाट शाबूत होती. आपल्याकडे नेमकी तीच बुजली. आणि वाट केवळ माशांची नसते. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. पाण्याला जुनी वाट मिळाली नाही, की ते आपल्या उंबरठ्यातून वाट काढते.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची तीन विनवण्या आहेत. ज्यांना जुने ओढे व बांध आठवतात, त्यांनी ते कागदावर काढून ठेवावेत. ही पिढी गेली म्हणजे ते सांगणारा कोणी उरणार नाही. आषाढ-श्रावणात तलावात जाळे टाकू नये, आणि परदेशी मांगूर कोणीही पाण्यात सोडू नये. मुलांना एखाद्या पावसाळी रविवारी तलावाच्या काठी न्यावे आणि मरळ, शिंगी, शिवडा, मांगूर ही नावे त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. पाण्यात कोठे शेंदरी घोळका दिसलाच, तर मात्र गळ गुंडाळून घरी यावे.