दादांनी घोडं खाल्लं नाही

संभाजीनगरहून नगरकडे निघालं की कायगाव टोक्याला गोदावरी लागते. पुलावरून गाडी मिनिटभरात पलीकडे जाते, कुणाचं लक्षही जात नाही. माझ्या आजीच्या लेखी मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे कलदार. शंभर कलदारांचे एकशे सोळा-सतरा हाली होतात, हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या आजीला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. तिच्या विधवा आईची ‘पिन्शन’ कलदारात यायची आणि घर त्यावर चालायचं.

पेन्शन होती आजीच्या वडिलांची. आमच्या घरात ते सगळ्यांचेच ‘दादा’, त्यांना कुणी पाहिलेलं नसलं तरी. सावकाराच्या तगाद्याला कंटाळून ते एका रात्री नदी उतरले, नगरला गेले आणि मराठा पलटणीत भरती झाले. शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये पगार होता. मोगलाईतल्या कोरडवाहू घराला ११ कलदार म्हणजे चैन. १९१४ साली आजी पाळण्यात होती आणि दादा मुंबईहून बोटीत चढले. पुढची हकिकत आजी एकाच वाक्यात सांगायची, मान ताठ करून: “आमचे दादा बसऱ्याला कामी आले. उपाशी मेले, पर घोडं नाही खाल्लं.”

लहानपणी आम्हाला यातलं घोड्याचं कोडं सुटत नसे. कामी आला म्हणजे लढाईत पडला, एवढं कळत होतं. मग उपाशी कसा मेला? आणि घोडं खाण्याचा प्रश्न कुठून आला? आजीला विचारलं तर ती म्हणायची, इंग्रजानं खायला लावलं होतं, सगळ्यांनी खाल्लं, दादांनी नाही. विषय संपला.

आजीच्या देव्हाऱ्यात टाकाबरोबर एक गोल, जाड, काळपट देवी होती. तळहाताएवढी. उभी बाई, डोक्यावर मुकुट, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. तुळजापूरच्या घराण्यातली म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं जायचं. दर नवरात्रात चिंच आणि राखेनं लखलखीत घासली जायची. ती देवी म्हणजे ब्रिटानिया. युद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी लंडनच्या सरकारनं धाडलेलं काशाचं पदक, १२ सेंटिमीटर व्यासाचं, अशी तेरा लाखांहून जास्त ओतली गेली. लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराचं हे काम. नीट पाहिलं तर बाईच्या दोन्ही बाजूंना डॉल्फिन मासे आहेत आणि तळाशी एक छोटा सिंह गरुडाला फाडतो आहे. गरुड म्हणजे जर्मनी. कडेनं इंग्रजीत कोरलंय की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. निजामाची रयत, इंग्रजाचा शिपाई, तुर्काशी लढाई. यात स्वातंत्र्य नेमकं कुणाचं, ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. सिंहाच्या वरच्या चौकटीत मेलेल्याचं नाव असतं. हुद्दा नाही, पलटण नाही. मेल्यावर सगळे सारखे, हा त्यामागचा हेतू. आमच्या देवीची चौकट वर्षानुवर्षांच्या चिंचेनं गुळगुळीत झालेली. भिंगाखाली तिरका उजेड धरला तेव्हा पाच-सहा अक्षरं लागली.

तेवढ्यावर शोध सुरू केला. पंजाबातल्या लोकांचं नशीब बरं. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या तीन लाख वीस हजार पंजाबी शिपायांच्या गाववार वह्या पडून होत्या, २०२१ पासून त्या इंटरनेटवर यायला लागल्या. मराठी मुलखातल्या माणसाला आधार राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीचा. तिथं शिपायाच्या नावापुढे बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. फक्त ते इंग्रज कारकुनाच्या कानानं लिहिलेलं. पवारांचा ‘पोवर’ होतो, शिंद्यांचा ‘सिंदे’, आणि गाव ओळखायचं तर मोठ्यानं वाचून बघावं लागतं. तसंच वाचता वाचता एका नोंदीवर थांबलो. बापाचं नाव जुळत होतं, गाव कायगावच्या शेजारचं आणि पुढे ‘हैदराबाद’. पलटण ११७ वी मराठा. मृत्यूची तारीख १९१६ च्या हिवाळ्यातली.

घरातली गोष्ट या तारखेशी जुळेना.

११७ वी मराठा ही बसऱ्याच्या मोहिमेतली अगदी पहिल्या फळीची पलटण. ६ नोव्हेंबर १९१४ ला फावच्या किनाऱ्यावर जी ब्रिगेड उतरली तिच्यातली. त्याच महिन्यात बसरा पडलं. १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबाच्या लढाईत डॉर्सेट पलटणीच्या गोऱ्यांबरोबर मराठ्यांनी तुर्कांच्या खंदकांवर चाल केली. मग सहाव्या डिव्हिजनचा सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड तैग्रीस नदीच्या काठाकाठानं बगदादकडे निघाला. या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. मागे बोटी अपुऱ्या, औषधं अपुरी, आणि वरून हुकूम पुढे चला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले माघारी फिरून ३ डिसेंबरला कूत-अल-अमाराला पोहोचले, आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला.

कूत म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तिथं फौज १४७ दिवस कोंडली गेली. सोडवायला आलेल्या फौजेचीच सुमारे २३ हजार माणसं कामी आली किंवा घायाळ झाली. विमानातून पिठाची पोती टाकली गेली. शेवटी लाखो पौंड घेऊन फौज सोडा, असा निरोप तुर्की सेनापती खलील पाशाकडे गेला. निरोप घेऊन जाणाऱ्यांत टी. ई. लॉरेन्स होता. खलीलनं नकार दिला.

आणि इथंच घोडं येतं. दाणागोटा संपत आल्यावर तोफखान्याची, रिसाल्याची जनावरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्ली. हिंदू आणि मुसलमान, दोघांनीही ताट सारलं. त्यांना जवाचं पीठ मिळे, तेही दर आठवड्याला कमी होत गेलेलं. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं. शिपाई मैदानातलं हाती लागेल ते तण भाजी म्हणून खुडून उकळायचे. टाउनशेंडनं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशानं परवानगी मागवली. आपद्धर्म आहे, खायला हरकत नाही, असं उत्तर आलं. तरी शिपाई बधेनात. त्यांची अडचण शास्त्राची नव्हतीच. गावी परत गेल्यावर पंगतीला कोण बसवील, आणि लेकीबाळींची लग्नं कशी जमतील, हे ते आपल्या अधिकाऱ्यांना तोंडावर सांगत होते. एप्रिलमध्ये पीठ आणखी तोडलं गेलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक हिंदुस्थानी शिपाई घोड्याचं मांस खायला लागले होते. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं.

म्हणजे दादा वेढ्यात उपाशी मेले नाहीत. यादीतली तारीख त्यानंतर सहा-सात महिन्यांची आहे. ते लढाईतही पडले नाहीत. ते कैदी झाले होते, आणि आमच्या घरात हे कुणाच्याही तोंडून कधी आलेलं नव्हतं.

कूतला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. दहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी, त्यांत पलटणीचे भिस्ती, न्हावी, सईसही आले. आधी उपाशी, मग उन्हाळ्यातली चाल: बगदाद, सामर्रा, तिकरित, मोसुल, निसिबिन. वाटेत बसला तो राहिला. गोऱ्या कैद्यांना पुढे तुर्कस्तानातल्या डोंगरात बोगदे खणायला नेलं. हिंदुस्थानी शिपायांपैकी बरेच जण रास-अल-ऐनला थांबवले गेले. हे गाव आज सीरियात, तुर्की सीमेला लागून आहे. जर्मन अभियंते तेव्हा बर्लिन-बगदाद रेल्वेचा रूळ तिथून पुढे ओढत होते आणि मजूर हवेच होते. त्याच गावाभोवती हद्दपार आर्मेनियन बायकापोरांचे तळ पडले होते, त्यांची कत्तल कैद्यांनी डोळ्यांनी पाहिली. हिवाळ्यात टायफस आला.

टाउनशेंड या काळात इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होता. कैदेत असतानाच त्याला इंग्लंडच्या राजानं ‘सर’ केलं. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा खलील पाशानं सौजन्यानं बसऱ्याला पाठवून दिला. तो सुखरूप विलायतेला पोहोचला.

हे वाचल्यावर आजीचं एक सुटं बोलणं मला आठवलं, ज्याच्याकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. लढाई संपल्यावर नेवाशाकडचा एक सोबती तिच्या आईला भेटायला आला होता. ओसरीवर बसला, पाणीही घेतलं नाही. म्हणाला, आम्ही रूळ टाकायला होतो, खडी फोडायला. तुमच्या मालकाला जाळायला लाकूड मिळालं नाही, वाळूत पुरलं. आजी हे सांगायची ते दादांचा दिवस कोणता धरायचा यावर वाद निघाला की. रुळांचा बसऱ्याच्या लढाईशी काय संबंध, हे आम्ही कुणी विचारलं नाही. सरकारी कागदात जे नाही ते त्या माणसानं ओसरीवर सांगून ठेवलं होतं.

रास-अल-ऐनलाच मार्च १९१७ मध्ये कल्याण मुखर्जी नावाचा बंगाली लष्करी डॉक्टर मेला. त्याची आजी मोक्षदादेवी कोलकात्यात होती. तिनं नातवाची पत्रं जपून, उतारवयात ‘कल्याण-प्रदीप’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं, १९२८ साली ते निघालं. मेसोपोटेमियाच्या कैद्यांबद्दल हिंदुस्थानी बाजूनं जे थोडं कळतं त्यात हे पुस्तक फार मोलाचं. मराठ्यांच्या तीन पलटणी तिथं होत्या. त्यांच्या घरी लिहिणाऱ्या आज्या नव्हत्या.

आमच्या पणजीपाशी होती ती लग्नाला आलेली एक मुलगी. मला आता वाटतं, आजीच्या त्या वाक्याचा उगम तिथं आहे. वेढ्यातून वाचून आलेल्यांनी घोड्याची गोष्ट नगर जिल्ह्यात, नदीच्या दोन्ही काठांवर आणली असणार. कुणी खाल्लं, कुणी नाही, याची चर्चा बाजारात, जत्रेत होत असणार. १९२५-२६ च्या सुमारास बिनबापाच्या पोरीला स्थळ बघताना पाहुण्यांनी विचारायच्या आत उत्तर तयार असलेलं बरं. उपाशी मेले, पर खाल्लं नाही. कूतमधले शिपाई ज्या भीतीनं ताट सारत होते, ती भीती इथं ओसरीवर खरी ठरायची होती. कैद हा शब्दही त्याच कारणानं गळला असेल. कैदेत परक्याच्या हातचं काय काय खावं लागतं, हे न सांगता कळतं. पणजीनं नवऱ्याला लढाईत पाडलं आणि मुलीचं लग्न लावलं. तिला दोष देणं मला जमत नाही.

सरकारनं तरी दुसरं काय केलं? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मेलेल्यांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं शिपायापर्यंत कोरलेली. हिंदुस्थानी पलटणींच्या खाली नावं फक्त अधिकाऱ्यांची. शिपाई म्हणजे ‘आणि इतर इतके’ असा आकडा, नावं वेगळ्या वहीत. २०२१ साली समाधी आयोगानं स्वतःच अहवाल काढून हा भेद कबूल केला. स्मारक आता मूळ जागीही नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेननं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं.

कागद घेऊन मी मामांकडे गेलो. मामा ऐंशीच्या पुढचे, गावीच असतात, देवी त्यांच्याच देव्हाऱ्यात आहे. नकाशा अंथरून कूत दाखवलं, रास-अल-ऐन दाखवलं, तारखा सांगितल्या. ‘दादा कैदेत होते’ यावर ते म्हणाले, “असतील. रुळाचं माय सांगायचीच.” मग चष्मा वर सारून म्हणाले, “म्हंजी घोडं खाल्लं का नाही, तेवढं सांग.”

“बहुतेक खाल्लं असणार, मामा. जवळजवळ सगळ्यांनीच खाल्लं.”

“तू होता का तिथं?”

“नाही. पण पुस्तकांत आहे, आकडे आहेत.”

“आकडे. अन् दादांचं नाव दगडावर आहे का त्यांच्या?”

नाही म्हणालो. वहीत आहे, दगडावर आकडाच आहे.

मामांनी नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. “ज्यांना माणसाचं नाव लिहायला जागा नाही झाली,” ते म्हणाले, “ते आता आपल्याला घोड्याचं सांगणार व्हय?”