सीएसएसचा वैताग : दोष भाषेचा की शिकणाऱ्यांचा?

१/ वेबपानावरील एक चौकोन आडवा आणि उभा, दोन्ही दिशांनी मध्यभागी आणणे. एवढ्याशा कामाने वेब घडवणाऱ्यांची एक पिढी रडकुंडीला आली. दोष सीएसएसच्या रचनेचा होता, की ती न शिकताच वापरणाऱ्यांचा? निवाडा इतिहासाला विचारावा.

२/ १० ऑक्टोबर १९९४. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये काम करणाऱ्या नॉर्वेच्या होकॉन वियुम ली यांनी वेबसाठी शैलीपत्रांचा प्रस्ताव मांडला. पुढे डच संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस ठरली.

३/ मूळ कल्पना विलक्षण होती. पानाचे रूप एकट्या लेखकाने ठरवायचे नाही. वाचकाची आवड आणि ब्राउझरचे संकेतही त्यात मिसळायचे. नियमांचा हा उतरता प्रवाह म्हणजेच ‘कॅस्केड’. छापील पानाची सवय घेऊन आलेल्याला तो अनाकलनीय वाटणारच. इथे उणीव शिक्षणाची.

४/ मात्र पहिली सीएसएस लेख सजवण्यापुरती होती. संपूर्ण पानाच्या मांडणीचे साधन तिच्यात नव्हते. चित्राभोवती मजकूर वळावा म्हणून दिलेल्या ‘फ्लोट’वर पुढे अख्ख्या पानांचा भार आला. इथे उणीव रचनेची.

५/ आता चौकोनाचे गणित पाहा. रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना आतील मोकळी जागा २०-२० आणि कडा ५-५. प्रमाणानुसार चौकोन व्यापतो ३५० पिक्सेल! विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र कडेसकट ३००च मोजत असे.

६/ म्हणजे ज्याने नियम अचूक शिकला, त्याचेच पान त्या ब्राउझरमध्ये बिघडे. हा दोष ना भाषेचा, ना विद्यार्थ्याचा. तो ब्राउझरांच्या स्पर्धेचा. त्याविरुद्ध १९९८ मध्ये ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ ही चळवळ उभी राहिली.

७/ गंमत अशी की, मोजणीची ‘चुकीची’ रीतच अधिक सोयीची होती. सीएसएसच्या कार्यगटाने स्वतःच्या रचनेतील चुकांची यादीच जाहीर केली आहे. त्यात ही कबुली आहे. तरीही मूळ नियम बदलता येत नाही, कारण बदलला तर असंख्य जुनी पाने मोडतील. म्हणून ‘बॉक्स-सायझिंग’ हा वेगळा पर्याय देण्यात आला.

८/ फ्लेक्सबॉक्स आला आणि मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्ही ब्राउझरांत ‘ग्रिड’ पोहोचले. मध्यभागी आणणे दोन-तीन ओळींचे काम झाले. अवघड होते ते साधन नव्हते म्हणून, शिकणारे मंद होते म्हणून नव्हे.

९/ मग वैताग संपला का? नाही. न समजलेला नियम सीएसएस मुकाट्याने वगळते. नव्या पानाने जुना ब्राउझर अडू नये, यासाठी ही उदारता हेतुपूर्वक ठेवलेली आहे. पण त्यामुळेच नवशिक्याला आपली चूक कळत नाही.

१०/ निवाडा असा : साधनांची उणीव रचनेची होती आणि ती बरीचशी भरून निघाली. कॅस्केड मात्र उणीव नव्हे, तो या भाषेचा स्वभाव आहे. स्वभाव दुरुस्त करायचा नसतो, ओळखून घ्यायचा असतो.