मराठा लाइट इन्फन्ट्री : रूढी आणि परंपरा

भारतीय लष्करातील एक जुनी पायदळ रेजिमेंट. तिची पहिली पलटण, ‘जंगी पलटण’, १७६८ मध्ये मुंबई फौजेत उभी राहिली. ‘काळी पांचवी’ पुढच्या वर्षी. केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’.

रेजिमेंटच्या चालीरीती दोन घरांतून आल्या. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब पहिल्या अफगाण युद्धातील कामगिरीबद्दल १८४१ मध्ये मिळाला. मानचिन्हातील बिगूल, गडद हिरवा रंग आणि जलद चाल ही त्याची खूण. साधे पायदळ मिनिटाला १२० पावले टाकते. लाइट इन्फन्ट्रीची परंपरागत चाल १४० पावलांची.

दुसरे घर शिवकाळाचे. बिगुलाच्या जोडीला चिन्हात ढाल-तलवार आहे आणि रणघोष ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ असा आहे. महाराजांचे मावळे ज्या खोऱ्यांतून आले, त्यांना पुण्याखालची बारा आणि जुन्नरखालची बारा मावळे म्हणत. महाराजांचे जन्मस्थान शिवनेरीही याच मुलखात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा सर केला. तो दिवस रेजिमेंट ‘मराठा दिन’ म्हणून पाळते. गणेशोत्सव आणि दसऱ्याचे शस्त्रपूजन हे तर घरचेच सण.

रणघोष ही शोभेची वस्तू नाही, हे ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर दिसले. जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव हे संगमनेर तालुक्यातील निमजचे, कंपनीचे निरोप्या. सोबतची तुकडी जवळजवळ संपली होती. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोचवले, एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी मोडली. मग ते बांधाच्या माथ्यावर चढले, रणघोष केला आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतच यशवंत घाडगे यांनी तो मरणोत्तर मिळवला होता.

केंद्राचा स्वतःचा दिवस म्हणजे ‘शरकत दिन’. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तैग्रिस नदीकाठी शरकत येथे ११४ वी मराठा पलटण लढली आणि एकाच लढाईत तिला शौर्याची २८ पदके मिळाली. हीच पलटण १९२२ मध्ये रेजिमेंटची प्रशिक्षण पलटण झाली, आणि आजचे बेळगावचे केंद्र तिचाच वारसा चालवते.