मोडल क्रियापदे, इंग्रजीतील

मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन क्षमता, परवानगी, सक्ती, शक्यता, सल्ला किंवा इच्छा यांची छटा दाखवणारी साहाय्यक क्रियापदे. महाराष्ट्रातील शालेय इंग्रजीत ती ‘मोडल ऑक्झिलरी’ या नावाने शिकवली जातात. मुख्य मोडल नऊ आहेत : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. ऑट टू, नीड, डेअर आणि यूज्ड टू ही उंबरठ्यावरची मंडळी. कधी मोडलसारखी वागतात, कधी साध्या क्रियापदासारखी.

ही क्रियापदे ओळखायची ती रूपावरून. ‘ही’ किंवा ‘शी’ कर्ता असला तरी त्यांना ‘एस’ लागत नाही. पुढचे क्रियापद मूळ रूपात येते आणि मध्ये ‘टू’ शिरत नाही (ऑट आणि यूज्ड यांचा अपवाद). प्रश्न विचारताना ती कर्त्याच्या पुढे उडी मारतात, नकारात ‘नॉट’ थेट त्यांनाच चिकटतो. प्रमाण इंग्रजीत एका क्रियापदाला एकच मोडल. ‘आय मस्ट टू गो’ आणि ‘आय कॅन एबल टू डू’ ही दोन वाक्ये आपल्याकडच्या वह्यांत वर्षानुवर्षे लाल शाईखाली येत आली आहेत.

इतिहास. यांतली बरीचशी एके काळी स्वतंत्र अर्थाची क्रियापदे होती. ‘कॅन’चा जुना अर्थ ‘जाणणे’. संस्कृत ‘ज्ञा’ आणि मराठी ‘जाणणे’ ही त्याची दूरची भावंडे. ‘विल’ म्हणजे इच्छिणे. ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. मराठीतही ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला जावे लागते’ या दोन्ही वाक्यांत ‘लागणे’च आहे, म्हणजे कर्जातून कर्तव्याकडे जाणारी वाट दोन्ही भाषांना सापडली. ‘मस्ट’ हे मुळात भूतकाळी रूप, ते वर्तमानात अडकून राहिले. आपले ‘पाहिजे’ही असेच थिजलेले : ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, आज केवळ गरज दाखवते.

मराठीशी तुलना. मराठी व्याकरण क्रियापदाचे चार अर्थ मानते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोडलचे काम या अर्थांत, प्रत्ययांत आणि संयुक्त क्रियापदांत वाटले गेले आहे, त्यामुळे एका शब्दासमोर एक शब्द लिहून भागत नाही. ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’ असे पाठ करून घेतले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. अर्नाळ्याच्या मुलाला पोहता येते. आज ताप आहे म्हणून तो पोहू शकत नाही. दमल्यामुळे त्याला पोहवत नाही. पहिले शिकलेले कसब, दुसरी परिस्थितीची अडचण, तिसरी शरीराची ना. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात ‘पोहवते’, ‘जेववते’ अशा रूपांना शक्य क्रियापदे म्हटले आहे. इंग्रजी तिन्ही वेळा ‘कॅन’ किंवा ‘कान्ट’वर निभावते. या बाबतीत तरी मराठी अधिक बारीक पाहते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा फरक कर्त्याचा. ‘मला जावे लागते’, ‘मला पोहता येते’ यांत माणूस ‘मला’ होऊन बसतो. सक्ती किंवा कसब बाहेरून त्याच्यापाशी येते. इंग्रजीत त्यालाच ‘आय’ म्हणून पुढे व्हावे लागते.

सर्वांत चिवट चूक ‘कुड’ची आहे. धावतपळत फलाटावर पोचून विरार गाडी पकडणारा ऑफिसात ‘आय कुड कॅच द ट्रेन’ म्हणतो. त्याच्या मनात ‘पकडता आली’ असते. भूतकाळातल्या एका विशिष्ट प्रसंगी काम जमले, हे सांगायला इंग्रजी ‘कुड’ सहसा वापरत नाही. ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरते. गाडी चुकली तर मात्र ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालते. ‘मस्ट नॉट’ही असेच फसवते. पासधारकाला तिकीट काढावे लागत नाही, म्हणून तिथे ‘नीड नॉट’ हवे; ‘मस्ट नॉट’ म्हटले की तिकीट काढण्यालाच बंदी होते. मराठीत ‘नको’, ‘नये’ आणि ‘गरज नाही’ इतके वेगळे पडतात की ही चूक व्हायला नको, पण होते.

अंदाजाच्या वाक्यांत मात्र दोन्ही भाषा जवळ येतात. ‘तो आता नालासोपाऱ्याला असला पाहिजे’ यातले ‘पाहिजे’ सक्तीचे नाही, खात्रीचे आहे. ‘मस्ट’ही नेमकी हीच दोन कामे करते. ‘असेल’साठी ‘मे’ किंवा ‘माइट’.

शिष्टाचार. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांनी मराठीत अदबीचे अर्धे काम होते. उरलेले ‘द्याल का?’ करते. इंग्रजीला एकटे ‘यू’. त्यामुळे तिथे अदब ‘कुड’ आणि ‘वुड’ वाहून नेतात. ‘जरा पाणी द्या’ हे मराठीत सौम्य असते, पण शब्दशः इंग्रजीत गेले की हुकूम होतो.

अध्यापन. मराठी माणसाच्या व्याकरणाच्या इतिहासात वसई तालुक्याचे नाव आडनावातून आले आहे. तर्खडकर हे आडनाव वसईच्या तर्खड गावावरून पडले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी व्याकरणाची चौकट मराठीला लावण्याचा रिवाज त्यातून रुजला. तर्खडकरांच्या नावाची ‘भाषांतर पाठमाला’ हे पुढे कित्येक पिढ्यांचे इंग्रजीचे पहिले पुस्तक ठरले. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांची मुलगी अन्नपूर्णा हिने १८७८ मध्ये मुंबईत तरुण रवींद्रनाथ टागोरांना विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी संभाषण शिकवले. त्या धड्यांत ‘शॅल’ किती आणि ‘वुड’ किती, कोणी मोजले नाही!

पहिल्या पुरुषाला ‘शॅल’ आणि बाकीच्यांना ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणाकडे जातो. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांच्या पुस्तकामुळे तो भारतभर घोकला गेला. बोलण्यात तो आज जवळजवळ उरलेला नाही. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. वसई-विरारमध्ये घरी सामवेदी, वाडवळी, कोळी किंवा आगरी बोलणारे मूल आधी शाळेची मराठी शिकते, मग हे नऊ शब्द. दहावी-बारावीला त्यांच्यावर ‘क्षमता दाखवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न येतो. अर्थाचे लेबल लावता येते, पण पत्र लिहिताना कोणते घ्यावे हे त्यातून कळतेच असे नाही.

कायद्याची भाषा. ‘शॅल’ खऱ्या अर्थाने टिकला आहे तो कायद्यात. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. तिला १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये ‘शॅल’ आहे : पाणीपुरवठा, गटारे, रस्त्यांवरचे दिवे ही बंधनकारक कामे. कलम ६६ मध्ये ‘मे’ आहे : त्यातली कामे पालिकेने आपल्या विवेकाने करायची. नळ कोरडा असला की नागरिकाच्या बाजूने उभे राहते ते ‘शॅल’. न्यायालये मात्र संदर्भ पाहून कधी ‘मे’चा अर्थही ‘शॅल’ असा लावतात.

राज्याच्या अधिनियमांच्या मराठी पाठात ‘शॅल’साठी साधा भविष्यकाळ येतो, ‘करील’ किंवा ‘असेल’. ‘मे’साठी ‘करता येईल’. मुलाला पोहता येते त्यातलेच हे ‘येणे’, फक्त इथे ते कसब नव्हे, अधिकार सांगते.